दोन वॅटची शांतता

कसबा पेठेत, तांबट आळीच्या तोंडाशी, नागोराव रामटेके यांची आठ बाय दहाची खोली होती. तिला ते दुकान म्हणत, पण बाहेर पाटी नव्हती आणि आत विकायला काही मांडलेलं नव्हतं. रेडिओच्या ट्रान्समीटरवर छत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या माणसाने नातवंडं खेळवावीत किंवा रोज सकाळी पर्वती चढावी, अशी पुण्यात साधारण अपेक्षा असते. नागोरावांना नातवंडं नव्हती आणि त्यांचे गुडघे पर्वतीच्या कामाचे नव्हते. म्हणून ते जुन्या रेडिओत असत तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचे अँप्लिफायर बांधत.

गेल्या काही वर्षांत या जुन्या व्हॉल्व्हना नवे दिवस आले होते. आयटी कंपन्यांतली चाळिशीतली माणसं गाडी लांब कुठेतरी लावून, चार ठिकाणी पत्ता विचारत यायची आणि काचेत पेटलेल्या नारिंगी तारा पाहून गप्प व्हायची. त्यांतल्या निम्म्यांना नागोराव परत पाठवत. घरी स्पीकर कोणते आहेत, हा त्यांचा पहिला प्रश्न असे, आणि उत्तर ऐकलं की ते म्हणत, की मग माझा अँप्लि नेऊ नका, त्याला दोनच वॅट येतात, तुमच्या स्पीकरला जागं करायलाच पन्नास लागतील. गिऱ्हाइकाचा चेहरा पडला की थोडे विरघळत आणि समजावून सांगत. ताकद थोडी असेल तर स्पीकर कर्ण्याचा पाहिजे. शेतात लांबच्या माणसाला हाक मारताना आपण तोंडाशी दोन्ही हात धरतो. छाती तीच, आवाज तोच, पण हाक बांधापलीकडे जाते. कर्णा तेच करतो, म्हणून दोन वॅटमध्ये अख्खा हॉल भरतो. मात्र असा कर्णा काही लपवत नाही. तारेतली खरखर, व्हॉल्व्हला लागलेलं नख, विजेचं हमिंग, जे साध्या स्पीकरमध्ये जन्मात ऐकू येणार नाही ते सगळं तो तोंडावर सांगतो.

म्हणून नागोरावांची एक पद्धत होती. अँप्लि तयार झाला की गाणं लावायचं नाही. इनपुटची दोन टोकं तारेच्या तुकड्याने जोडून टाकायची, म्हणजे आत काहीच शिरत नाही, आणि कर्ण्यात डोकं घालून बसायचं. काही लावलेलं नसताना काय वाजतं ते ऐकायचं. पंधरा मिनिटं काही आलं नाही तर नोकरीतल्या सवयीने वहीत तारीख, वेळ आणि पुढे एक शब्द लिहायचा: शांत.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शालनताई आल्या. त्या पेठेतच एका नव्या इमारतीत राहत. त्यांचे सासरे रंगराव एका सिनेमा थिएटरात आवाजाची यंत्रणा सांभाळायचे. थिएटर पाडलं तेव्हा पडद्यामागचे दोन लाकडी कर्णे त्यांनी घरी आणले आणि त्यांच्या जोडीला स्वतःच्या हाताने दोन वॅटचा अँप्लि बांधला. रंगरावांना जाऊन तीन वर्षं उलटून गेली होती आणि सासूबाई, इंदुबाई, गेल्या दिवाळीत गेल्या. आता ती कपाटाएवढी धुडं घरात नकोत, कोणी जाणकार नेत असेल तर न्यावीत, नाहीतर भंगारवाला आहेच, असं शालनताई म्हणाल्या.

नागोरावांनी त्याच दुपारी जाऊन पाहिलं. असे कर्णे त्यांनी फक्त नोकरीच्या पहिल्या वर्षी, प्रशिक्षणाच्या पुस्तकात पाहिले होते. शालनताईंनी मात्र आधीच सांगून टाकलं, की यंत्रात दोष आहे, ते सतत घूं करतं.

"सासरे होते तोवर गाणी तरी लागायची," त्या म्हणाल्या. "सासूबाई नुसतंच चालू करून बसायच्या. तीन वर्षं. गाणं नाही, काही नाही. सकाळी उठल्यावर चालू, झोपताना बंद."

हमिंग काय, तासाभराचं काम आहे, असं नागोराव बोलून गेले. शालनताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"बघा," त्या म्हणाल्या. "तसं सासऱ्यांनाही त्यातलं कळत होतं."

नागोराव हसले. पुण्यात चाळीस वर्षं राहिल्यावर असली वाक्यं माणसाला लागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी अँप्लि टेबलावर घेतला. वरच्या पत्र्यावर दोन स्विच होते आणि त्यांच्याशेजारी ऑइलपेंटने, लहान मुलाला वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'आधी हा. दोन मिनिटांनी हा.' व्हॉल्व्ह आधी तापू द्यायचे असतात हे स्वतः अँप्लि बांधणाऱ्याला लिहून ठेवावं का लागलं, याचं नागोरावांना नवल वाटलं. मग त्यांनी अँप्लि उलटा करून खालची पट्टी काढली. हमिंग कमी-जास्त करणारा बारीक स्क्रू मधोमध असायला हवा, तो मुद्दाम एका बाजूला फिरवलेला होता आणि त्यावर लाख ओतून सील केलं होतं. शेजारी वहीच्या कागदाची चिठ्ठी चिकटवलेली होती. अक्षर घोटीव होतं.

'हमिंग आहे तेवढे राहू द्यावे. ज्यास अधिक कळते त्याने स्क्रूस हात लावून पाहावा. नंतर तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.'

नागोरावांना ती चिठ्ठी फार आवडली. दुकानाला लावायला हीच पाटी पाहिजे, असंही त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने लाख खरवडून काढली आणि स्क्रू हळूहळू मधोमध आणला. घूं बारीक होत गेलं आणि एका जागी पुसल्यासारखं नाहीसं झालं. बाहेर तांबटांचे हातोडे चालू होते, तरी ते दुकानातल्या चाचणीच्या लहान कर्ण्यात डोकं घालून बसले. वहीत त्यांनी लिहिलं: शांत. थोडासा अभिमान वाटला, तो त्यांनी लपवला नाही.

खरं तर त्या दिवसांत त्यांना असं एखादं काम हवंच होतं. विमलाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, दसऱ्यापासून खोकला लागला होता. औषधं झाली, वाफारे झाले, मग फोटो काढला तेव्हा उजव्या फुफ्फुसात गाठीसारखं काहीतरी दिसलं. डॉक्टरांनी सुई घालून तुकडा काढला आणि तो तपासायला पाठवला. अहवालाला दहाबारा दिवस लागणार होते. मुलगी प्रियदर्शनी बंगळूरला नोकरीला होती, ती रोज दोनदा फोन करायची आणि दोन्ही वेळा तेच विचारायची. नागोराव एकेचाळीस वर्षं या बाईबरोबर राहिले होते. भंडाऱ्याहून एक ट्रंक आणि एक स्टोव्ह घेऊन दोघं पुण्याला आली होती. तिच्याशिवाय घर कसं असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायचं नव्हतं. ते दिवसभर तिच्याकडे बघत बसायचे.

"तुमी पेठेत जा बरं," विमलाबाई म्हणायच्या. "तुमी असे तोंडाकडे पाहता त्यानंच मले जास्त खोकला येते." बाहेर त्या शुद्ध बोलत, महिला मंडळात वंदना सांगत, पण घरात भंडारा सुटला नव्हता.

कर्णे दुकानात मावणार नव्हते. नागोरावांनी टेम्पो करून ते हडपसरला, गाडीतळामागच्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेले. विमलाबाईंनी कपाळाला हात लावला, पण जागा करून दिली. हॉलमध्ये खिडकीशी त्यांचा दिवाण होता. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांचा चहाचा कप, चष्मा, गोळ्या असं सगळं असायचं. समोरच्या अंगाला, गॅलरीच्या दाराशी, नागोरावांची वेताची खुर्ची होती. ती इतकी कुरकुरायची, की एक तर खुर्ची विका नाहीतर श्वास घेणं सोडा, असं विमलाबाई वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या. दोन कर्ण्यांपैकी एकाच्या आतली तार तुटली होती. ती दुरुस्त होईपर्यंत नागोरावांनी धडधाकट कर्णा एकटाच भिंतीच्या मधोमध ठेवला.

सोमवारी सकाळी अकरा वाजता ते कर्ण्यात डोकं घालून बसले. विमलाबाई शेजारी कोणाकडे तरी गेल्या होत्या. सात-आठ मिनिटं काही नव्हतं. मग आतून, फार लांबून, कुकरची शिटी ऐकू आली. एक, दोन, तीन आणि चार. मग डब्याचं झाकण पडलं, घरंगळत गेलं, आणि विमलाबाई म्हणाल्या, "गेलं."

नागोराव उठून स्वयंपाकघरात गेले. तिथे कोणी नव्हतं. कुकर ओट्यावर पालथा होता आणि गॅस बंद होता. शेजारच्या घरातला आवाज तारेत शिरला असेल, असं त्यांनी वहीत लिहिलं आणि वेळ टाकली.

अकरा पंधराला विमलाबाई परत आल्या आणि त्यांनी कुकर लावला. त्या नेहमी तीन शिट्या करत. त्या दिवशी खोकल्याची उबळ आली म्हणून गॅस बंद करायला उशीर झाला आणि चौथी शिटी झाली. घाईत कोपर लागून डब्याचं झाकण खाली पडलं आणि घरंगळत फ्रीजखाली गेलं.

"गेलं," विमलाबाई म्हणाल्या.

वय झालं की झालेलं आणि व्हायचं यांची सरमिसळ होते, असं नागोरावांनी स्वतःला सांगितलं. मंगळवारी त्यांनी कर्ण्यात दारावरची बेल ऐकली, पाठोपाठ फरशीवर सिलिंडर आपटल्याचा आवाज आणि "आजी, पुस्तक द्या" असं कोणी म्हणालेलं. सिलिंडर संध्याकाळी चार वाजता आला. बुधवारी मोबाइलवरची प्रियदर्शनीची रिंग वाजली, लांबलचक खोकला झाला आणि काच फुटली. त्या दिवशी काहीच फुटलं नाही. नागोरावांनी रात्री सुटकेचा श्वास सोडला. गुरुवारी दुपारी बारा वाजता प्रियदर्शनीचा फोन आला, विमलाबाई खोकत फोनकडे गेल्या आणि कट्ट्यावरचा पाण्याचा ग्लास खाली आला.

नागोरावांनी वहीत पाहिलं. पहिल्या दिवशी पंचवीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी पाच तास. तिसऱ्या दिवशी पुरा एक दिवस. ट्रान्समीटरवर असताना असे आकडे दिसले असते तर त्यांनी वरिष्ठांना फोन केला असता.

इथे कोणाला करणार? वडिलांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली, तेव्हा घरातले देव नदीत सोडले होते आणि त्यांच्या मागोमाग भुतंही गेली होती. कारण सापडेपर्यंत कशावर विश्वास ठेवायचा नाही, अशा घरात नागोराव वाढले. त्यांनी कारण शोधलं. व्हॉल्व्ह बदलले, तारा बदलल्या, शेजारच्या फ्लॅटचा मेन स्विच पाच मिनिटं बंद करवून घेतला. सगळं करून हाती एवढंच लागलं, की त्या आवाजांच्या मागे अगदी बारीक हमिंग आहे. स्वतःच्या हाताने काढून टाकलेलं हमिंग तिथे पुन्हा आलेलं पाहून ते भलतेच चिडले. मीटर लावून पाहिलं, मीटरवर ते दिसत नव्हतं. अँप्लि स्वच्छ होता. तरी कर्ण्यातल्या त्या दुसऱ्या घरात काहीतरी घूं करत होतं.

शनिवारी दुसऱ्या कर्ण्याची तार जोडून झाली. नागोरावांनी दोन्ही कर्णे भिंतीच्या दोन कोपऱ्यांत उभे केले, एक खिडकीकडे आणि एक खुर्चीकडे. रंगरावांनी सगळीकडे एकाच रंगाची वायर वापरली होती. जोडणी झाल्यावर प्रशिक्षणाच्या काळातली एक चाचणीची तबकडी लावून डावं-उजवं तपासायचं, हा नागोरावांचा छत्तीस वर्षांचा नेम होता. पण इथे काही वाजवायचंच नव्हतं. त्यांनी इनपुटला तारेचा तुकडा लावला आणि दोन कर्ण्यांच्या मधोमध स्टूल घेऊन बसले.

पाऊस पडत होता.

बाहेर जानेवारीचं कोरडं ऊन होतं आणि कर्ण्यात गॅलरीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. त्याच्या पलीकडे, मैदानाच्या बाजूला, ढोल चालला होता. एकच चाल, मधेच थांबून परत पहिल्यापासून. गणपतीच्या आधी पथकं असा सराव करतात. नागोरावांनी बोटं मोजली. सात महिने, फार तर साडेसात.

आता त्या घरात दोन बाजू होत्या. उजवीकडून, खुर्चीच्या अंगाने, कोणीतरी चहाचा घोट घेतला. मग कप ठेवल्याचा आवाज आला. एकच कप होता. बसणारा फार निश्चल बसला असावा, कारण खुर्ची कुरकुरत नव्हती. डावीकडे, खिडकीच्या अंगाला, काहीच नव्हतं.

नागोराव खोकल्याची वाट बघत राहिले. अर्धा तास, पाऊण तास. पाऊस थांबला, ढोल थांबला, हमिंग तेवढं राहिलं. उजवीकडच्या माणसाने एकदा उसासा टाकला. खोकला काही आला नाही.

म्हणजे अहवाल काय येणार ते त्यांना कळलं होतं.

पुढचे चार दिवस त्यांनी कसे काढले ते सांगण्यात अर्थ नाही. बायकोला खोकला यावा म्हणून मनापासून इच्छा करणारा नवरा पुण्यात दुसरा नसेल. रोज सकाळी ते त्या दोन कर्ण्यांमध्ये बसायचे आणि डाव्या बाजूकडे कान लावायचे. रोज तोच एक कप उजवीकडे, डावीकडे काहीच नाही. दुपारी मंडईत जाऊन ते संत्री आणायचे, सोलून रेषा काढून तिच्या हातात द्यायचे. विमलाबाईंनी एकदा विचारलं, "काहून एवढी सेवा? काही लपवून राहिले का?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली. दुकान त्यांनी उघडलंच नाही.

एकदा शालनताईंचा फोन आला. कर्ण्यांची एक जाळी घरी राहिली होती, ती न्यायची का, असं त्या विचारत होत्या. नागोरावांनी न राहवून विचारलं, की रंगराव कशाने गेले. झोपेत गेले, असं त्या म्हणाल्या. आजारी असे कधी नव्हतेच. सासूबाईंचंच सारखं दुखणं असायचं, सगळ्यांना वाटायचं त्या आधी जातील.

बुधवारी अहवाल आला. प्रियदर्शनीने तो आधी फोनवर पाहिला आणि मग रडत रडत वाचून दाखवला. कर्करोग नव्हता. जुन्या संसर्गाचा डाग होता. सहा महिने गोळ्या, नेमाने घ्यायच्या, आणि खोकला मुळापासून जाईल. प्रियदर्शनीने डॉक्टरांना दोनदा विचारून खात्री केली होती.

नागोराव गॅलरीत गेले आणि दाराला पाठ लावून मोठ्याने रडले. लाज वाटली नाही. खोकला नव्हता, कारण खोकला बरा झाला होता! सात महिन्यांनी घरात खोकला नसणं एवढीच ती गोष्ट होती, आणि त्यांनी तिचं मरण करून ठेवलं होतं. विमलाबाई तेव्हा बाहेर गेल्या असतील, मंडळात असतील, बंगळूरला मुलीकडे असतील. अंधश्रद्धेला घरात थारा नाही म्हणणारा माणूस चार दिवस बायकोचं सुतक पाळत होता.

"आता ते डबडं वाजवा तरी," विमलाबाई दिवाणावरून म्हणाल्या. "आणल्यापासून एक गाणं ऐकलं नाही."

"लावतो," नागोराव म्हणाले. त्यांनी इनपुटवरचा तारेचा तुकडा काढला, प्लेअर जोडला आणि सवयीने आधी चाचणीची तबकडी ठेवली. सुई टेकली. जुन्या निवेदिकेचा स्वच्छ, संथ आवाज हॉलभर झाला. दोन वॅट, आणि बाई जणू समोर उभी होती.

"ही डावी बाजू," ती म्हणाली.

आवाज खुर्चीकडच्या कर्ण्यातून आला.

नागोराव हलले नाहीत.

"ही उजवी बाजू."

आवाज खिडकीकडून आला, विमलाबाईंच्या दिवाणाशेजारून.

"मस्त आहे की," विमलाबाई म्हणाल्या. "पण गाणं कधी लागते?"

"दोन मिनिटं. एक वायर उलटी लागलीय." स्वतःचाच आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटला. "तू चहा टाक तोवर."

त्या उठून आत गेल्या. नागोरावांनी सुई उचलली. गुडघ्यावर बसून मागच्या दोन वायर काढल्या आणि अदलाबदल करून पुन्हा आवळल्या. छत्तीस वर्षांत ही चूक त्यांच्या हातून झाली नव्हती. इनपुटला तारेचा तुकडा लावला. स्टुलावर बसले.

पाऊस होता. ढोल होता.

खिडकीकडे कोणीतरी चहाचा घोट घेतला. कट्ट्यावर कप ठेवला. चष्म्याची काडी मिटल्याचा बारीक आवाज झाला.

खुर्चीकडून काही आलं नाही.

ते ऐकत राहिले. श्वास नाही, उसासा नाही. वेताची एवढीशीही कुरकुर नाही. पावसाच्या मागे फक्त ते हमिंग होतं, जराही न थांबणारं.

आत चहा उकळत होता. नागोरावांनी अँप्लि आडवा केला, स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि स्क्रू मधोमध होता तिथून एका बाजूला फिरवला. घूं हळूहळू वर आलं. पाऊस त्याखाली गेला, ढोल गेला. अजून थोडा फिरवला. घूं आणखी वाढलं, आणि एका ठिकाणी त्यांचा हात आपोआप थांबला. गेला आठवडाभर मीटर घेऊन ते ज्याच्या मागे लागले होते, ते हमिंग हेच होतं. अगदी हेच.

लाखेची कांडी पेठेतून आणलेल्या डब्यात होती. काडी ओढून त्यांनी ती वितळवली आणि स्क्रूवर दोन थेंब सोडले. रंगरावांची चिठ्ठी त्यांनी काढली नाही.

विमलाबाई दोन कप घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"हे परत आलं का? तुमी तर काढलं होतं."

"आलं परत."

"मग काढा न."

"राहू दे थोडं," नागोराव म्हणाले. ते खुर्चीवर बसले आणि खुर्ची कुरकुरली. मग म्हणाले, "इकडे ये. हे चालू कसं करायचं ते बघून ठेव. आधी हा. दोन मिनिटं थांबायचं. मग हा. इथे लिहिलंय मोठ्या अक्षरांत."

"मले काहून शिकवता? तुमी आहात की."

"मी पेठेत असतो दिवसभर. तुला ऐकावंसं वाटलं तर."

विमलाबाईंनी दोन्ही स्विच एकदा बंद करून, पुन्हा लावून पाहिले. दोन मिनिटं खरोखर मोजली. घूं परत आलं. त्या दिवाणावर जाऊन बसल्या, पाय वर घेतले आणि जरा वेळ मान कलती करून ऐकत राहिल्या.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "घरात कोणी असल्यासारखं वाटते."

त्यांनी चहाचा घोट घेतला आणि कप कट्ट्यावर ठेवला. तो आवाज नागोरावांच्या चांगला ओळखीचा होता. फरक एवढाच होता, की त्यांच्या अंगाखाली खुर्ची अजून कुरकुरत होती.